आम्ही गरीब नव्हतो

एकताला सेंट कोलेट युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला तेव्हा नागपूरहून आत्याचा फोन आला. "लिबरल आर्ट्स म्हणजे काय गं? चित्रं काढायची का?"

"नाही आत्या, वाचायचं. तत्त्वज्ञान, इतिहास, साहित्य, धर्मशास्त्र. आणि भांडायचं."

"भांडायला कॉलेज कशाला लागतं?" आत्या म्हणाली, आणि फोन नरेशकडे द्यायला सांगितला.

नरेशलाही मुलीचा बेत फारसा पटलेला नव्हता. तो चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, बायको राणी एका प्रयोगशाळेत संशोधक. सिंगापूरच्या सेंगकांग भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सगळं विज्ञानाच्या बाजूचं. त्यात ही मुलगी अमेरिकेतल्या कुठल्याशा कॅथलिक युनिव्हर्सिटीच्या सिंगापूर शाखेत जाणार म्हणे. जुन्या कॉन्व्हेंटची इमारत, मधोमध चॅपेल, मोजकीच मुलं, सगळ्यांना सगळे नावानं ओळखतात. पण मुलाखतीला गेलेली एकता घरी परतली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते नरेशनं तिच्या शाळेच्या सगळ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. "पप्पा, तिथल्या फादरनी मला विचारलं, तू कुठल्या गोष्टीवर कधीच तडजोड करणार नाहीस? मी म्हटलं, अजून माहीत नाही. ते म्हणाले, छान, मग ये आणि शोध."

हे फादर म्हणजे फादर जेरोम टे. सिंगापूरचेच चिनी, युनिव्हर्सिटीचे डीन, मृदू आवाजाचे. एकताला ते मनापासून आवडायचे. पुढं जे झालं, त्यात सगळ्यात जास्त राग तिला याच गोष्टीचा आला.

पहिल्या वर्षाला सगळ्यांसाठी एक विषय सक्तीचा होता. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला बोलतं करायचं, त्याची गोष्ट त्याच्या शब्दांत लिहायची. हा विषय सिस्टर इमेल्डा तुस्कानो शिकवायच्या. वसईच्या. मराठी त्यांची घरची भाषा. पहिल्या दिवशी हजेरी घेताना त्यांनी एकताचं नाव वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "मराठी का गं? जेवलीस का?" सगळा वर्ग बघत राहिला आणि एकताला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

त्या साली, म्हणजे २००६ च्या पावसाळ्यात, एकताचे आजोबा भाऊसाहेब सिंगापूरला मुलाकडे राहायला आलेले होते. नागपूरच्या आयटीआयमधून फिटर ट्रेडचे इन्स्ट्रक्टर म्हणून निवृत्त झालेले. ताठ कण्याचे, सकाळी खाली ब्लॉकभोवती फेऱ्या मारणारे, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या चिनी आजीला रोज 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणणारे. एकतानं टेप सुरू करून विचारलं, "आबा, लहानपणीचं काहीतरी सांगा ना."

"काय सांगू? काही विशेष नाही," ते म्हणाले, आणि मग दोन तास बोलले.

त्यांनी सांगितलं ते असं. उमरेडच्या बाजूला त्यांचं गाव. शाळेत ते व्हरांड्यात बसायचे, दाराच्या बाहेर, जोडे काढून ठेवायचे तिथं. मास्तर आत शिकवायचा, हे बाहेरून ऐकायचे. गणित सुटलं की पाटी उंच धरायची, मास्तर लांबूनच बघायचा. एका वर्षी परीक्षेला डिपोटी साहेब, म्हणजे शाळातपासनीस, आले. ते म्हणाले, प्रत्येकाची पाटी माझ्या हातात द्या. भाऊसाहेबांची पाच गणितं होती, पाचही बरोबर. मास्तरनं सांगितलं, पाटी खाली ठेव, मागं सर. मग लोटा घेऊन पाटीवर पाणी ओतलं, विटाळ धुऊन काढायला, आणि मग ती उचलून साहेबांना दिली. साहेब म्हणाले, या पोरानं काहीच लिहिलं नाही? मास्तर म्हणाला, नाही साहेब, यांची डोकी अशीच. पोराचं वर्ष गेलं.

"तुम्ही बोलला नाहीत, आबा?"

"बोललो ना. म्हटलं, साहेब, पाच होती. तर मास्तरनं छडी उगारली. छडी तेवढी लांबूनही लागते." भाऊसाहेब हसले नाहीत. "आणि तोच मास्तर दर सुगीत आमच्या घरची ज्वारी न्यायचा. माझा बाप पायली पायली मोजून द्यायचा त्याला. ज्वारीले विटाळ नव्हता बाप्पा. पाटीलेच होता."

मग छप्पनसालचं. गावातून बैलगाड्या जुंपून नागपूरला गेले ते, पांढरे कपडे घालून. वीस वर्षांचे होते. तिथं लाखो लोकांत उभं राहून बाविसही प्रतिज्ञा म्हटल्या. "त्या दिवशी मले पहिल्यांदा वाटलं, मी दाराच्या आत आलो."

एकतानं हे सगळं इंग्रजीत लिहिलं, एकही शब्द गोड न करता. सिस्टर इमेल्डांनी ते स्टाफरूममध्ये बसून वाचलं आणि तिला बोलावून घेतलं. डोळे भरलेले होते त्यांचे. "हे फाउंडर्स डेला वाचायचं. सगळ्यांसमोर. आजोबांना घेऊन ये, निवडलेल्या मुलांच्या वडीलधाऱ्यांचा सत्कार असतो."

एकतानं घरी येऊन सांगितलं तेव्हा राणीनं तिला मिठी मारली. भाऊसाहेबांनी नवा शर्ट इस्त्रीला काढला. नरेश मात्र म्हणाला, "सगळं वाचणार? ते विटाळबिटाळसुद्धा?"

"तेच तर आहे, पप्पा. बाकी काय आहे?"

नरेश उठून आत गेला. त्याची गोष्ट वेगळी होती. भांडणं टाळायची, काम चोख करायचं, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, असं त्यानं आयुष्य काढलेलं. सिंगापुरातल्या मराठी मंडळींच्या गणपतीला तो जायचा, मोदक खायचा, आणि कुणी आडनाव विचारलं की म्हणायचा, "नरेश. नागपूरचा." त्या वर्षीच्या गणपतीतही चारुदत्तनं त्याला तेच विचारलं होतं. चारुदत्त पुण्याचा, एका मोठ्या आयटी कंपनीत मॅनेजर. त्याची मुलगी गार्गी सेंट कोलेटमध्येच एकताच्या वर्गात, आणि तो स्वतः पालकांच्या समितीवर. समितीतल्या कुणीतरी कार्यक्रमाचं बाड वाचायला घेतलं असावं, कारण दोनच दिवसांनी त्याचा फोन आला.

"नरेशजी, मुलीनं सुंदर लिहिलंय हो. फारच हुशार आहे. फक्त एक वाटलं, बोलू का? परक्या लोकांसमोर आपल्या घरातली धुणी कशाला धुवायची? इथं चिनी लोक असतील, गोरे असतील. त्यांना काय कळणार? त्यांना वाटेल, भारत म्हणजे हेच. आणि खरं सांगा, आता कुठं राहिलीय जात? तुम्ही आम्ही एका गणपतीत बसतो की नाही?"

"मी मुलीशी बोलतो," नरेश म्हणाला.

तो बोलण्याआधीच बदललेला मजकूर आला. सिस्टर इमेल्डांनी तास संपल्यावर एकताला थांबवलं आणि एक पान हातात दिलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. पानावर लिहिलं होतं की माझे आजोबा एका गरीब कुटुंबात जन्मले. शाळेत त्यांना अनेक अडचणी आल्या. कष्टानं आणि जिद्दीनं त्यांनी त्यावर मात केली. पुढं बुद्धाच्या शिकवणुकीत त्यांना मनःशांती लाभली.

पाटी नव्हती. पाणी नव्हतं. मास्तर नव्हता. ज्वारी नव्हती.

"हे कुणी लिहिलं, सिस्टर?"

"फादरनी सांगितलं थोडं सौम्य कर म्हणून. मी केलं."

"तुम्ही?"

"हे बघ, ही छोटी संस्था आहे. इथं धर्माचं काही निघालं की सरकारचे लोक कान टवकारतात. एका पालकाला वाटलं की यात हिंदूंवर टीका आहे."

"माझ्या लेखात हिंदू हा शब्द एकदाही नाही. मास्तर आहे. लोटा आहे. त्यात ज्याला स्वतःचा धर्म दिसला, त्याला विचारा ना का दिसला ते!"

"एकता, मी वसईची आहे. तुला वाटतं मला हे कळत नाही? आमच्या गावात, आमच्या ख्रिस्ती घरांतसुद्धा, लग्नं कुणाशी होतात नि कुणाशी होत नाहीत ते मी लहानपणापासून पाहिलंय."

"फादरना कळलं नाही, ते मी समजू शकते. ते इथले आहेत. पण तुम्हाला कळतं. या अख्ख्या इमारतीत एकट्या तुम्हाला कळतं, की 'गरीब' हा शब्द इथं घातला की काय होतं. आणि तो तुम्ही घातलात."

खिडकीबाहेर माळी चॅपेलच्या पायऱ्या धूत होता. एकता पान तिथंच टेबलावर ठेवून निघून गेली.

त्या संध्याकाळी सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये कडाक्याचं भांडण झालं. नरेश म्हणत होता, "चार ओळी आहेत, वाचून टाक. कुणाच्या लक्षातही राहणार नाही. तुला इथं चार वर्षं काढायची आहेत."

राणी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात पोळीचं लाटणं होतं आणि ते तिनं खाली ठेवलं नाही. "लक्षात राहणार नाही म्हणून वाचायचं? वा! तुमचं हेच चाललंय इतकी वर्षं. कुणाच्या लक्षात यायला नको. मोदक खायचे आणि आडनाव गिळायचं!"

"राणी, बाबांसमोर..."

"बाबांचंच आहे ते सगळं! त्यांना विचारलंत का कुणी?"

तेव्हा कुठं सगळ्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. ते सोफ्याच्या टोकाला बसले होते. एकतानं त्यांना पानावरचा मजकूर मराठी करून सांगितला. पहिलंच वाक्य ऐकून त्यांनी हात वर केला.

"थांब. गरीब काहून लिहिलं?"

"त्यांना वाटतं, तसं म्हटलं की कुणाला लागणार नाही."

"पण खोटं आहे ना ते. आम्ही गरीब नव्हतो. आमच्याकडे दोन बैलं होती, दुभती म्हैस होती. वतनाची जमीन होती. मास्तरच गरीब होता! त्याच्या घरी चूल आमच्या ज्वारीवर पेटायची." ते उठून उभे राहिले. एवढ्या दिवसांत त्यांचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. "गरिबाची दया येते लोकायले. म्हणतात, अरेरे, बिचारा. मले नाही पाहिजे दया. माझी पाच गणितं बरोबर होती, एवढंच सांगा म्हणावं. तेवढंच सांगायचं होतं मले तेव्हाही."

नरेश मान खाली घालून बसला.

दुसऱ्या दिवशी एकता फादर जेरोमच्या खोलीत गेली. त्यांनी तिला खुर्ची दिली, ग्रीन टी दिला, सगळं नेहमीसारखं. मग शांतपणे समजावलं की विश्वास फार नाजूक असतो, वेगवेगळ्या धर्मांची माणसं एका छताखाली बसतात तेव्हा सत्य प्रेमानं सांगावं लागतं, आणि काही वेळा थांबणं हेसुद्धा धैर्यच असतं.

एकतानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "फादर, या सत्रात तुम्ही आम्हाला तीन आठवडे एका माणसाबद्दल शिकवलंत. राजानं म्हटलं होतं, एकच वाक्य कबूल कर. त्याच्या घरच्यांनी म्हटलं, कबूल कर ना, शब्दच तर आहेत. त्यानं कुऱ्हाडीखाली मान दिली, पण वाक्य दिलं नाही. तुम्ही म्हणालात, अख्ख्या शिक्षणाचा अर्थ या एका नकारात आहे. मी वहीत लिहून घेतलं होतं."

"ती गोष्ट वेगळी आहे, एकता."

"कशी वेगळी?"

"तो इतिहास आहे."

"माझे आजोबा माझ्या घरात सोफ्यावर बसलेत, म्हणून?"

फादरनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज तसाच मृदू होता. "दिलेला मजकूर तू वाचणार नसशील, तर मला तुझं वाचन ठेवता येणार नाही."

"नका ठेवू," ती म्हणाली.

तिला वाटलं, विषय संपला. तिनं घरीही तसंच सांगितलं. सत्काराचं आमंत्रण मात्र आधीच येऊन पडलेलं होतं. एकता म्हणत होती, जायचंच नाही. पण भाऊसाहेब म्हणाले, "नातीचं कॉलेज तर पाहू दे. भांडण त्या लोकायशी आहे, भिंतीशी थोडंच आहे?" म्हणून शनिवारी संध्याकाळी चौघं गेले. नव्या शर्टात भाऊसाहेब पहिल्या रांगेत, इतर आजीआजोबांबरोबर. मागच्या रांगेत नरेश, राणी, एकता.

हॉल भरलेला. प्रार्थना झाली, भाषण झालं, एका मुलानं त्याच्या चिनी आजीची बम्बोट, म्हणजे मालाची होडी, चालवण्याची गोष्ट वाचली, सगळे हसले. मग निवेदिकेनं सांगितलं, "आता भारतातल्या एका आजोबांची कहाणी," आणि गार्गी माइकपाशी आली.

एकताला आधी कळेचना काय चाललंय. गार्गीनं वाचायला सुरुवात केली. स्पष्ट, गोड आवाजात. माझी मैत्रीण एकता हिचे आजोबा एका गरीब कुटुंबात जन्मले.

तेच पान. तिनं नाकारलेलं, टेबलावर सोडून आलेलं. दुसऱ्या मुलीच्या तोंडून.

एकता उठणार एवढ्यात पुढच्या रांगेतून भाऊसाहेब मागं वळले. त्यांनी राणीला विचारलं, आणि शांत हॉलमध्ये ते सगळ्यांना ऐकू गेलं, "पुअर म्हणाली ना ते पोरगी?"

आणि नरेश उभा राहिला.

राणी पुढं कित्येकदा सांगायची की तिला वाटलं, हा बाहेर चाललाय. नेहमीसारखा. पण नरेश तिथंच उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला, "एक्स्क्यूज मी. थांबा."

गार्गी थांबली. सगळ्या माना वळल्या.

"माझं नाव नरेश मेश्राम. तुम्ही ज्यांच्याबद्दल वाचताय, ते माझे वडील. ते गरीब नव्हते. ते अस्पृश्य होते. त्यांच्या मास्तरनं त्यांच्या पाटीवर पाणी ओतलं, कारण..."

"सर," कुणीतरी म्हणालं. एक स्वयंसेवक वाकून, हसतमुखानं, त्याच्या कोपराला हात लावत होता. "सर, प्लीज. कार्यक्रमानंतर."

"मला दोन वाक्यं बोलायची आहेत. त्यांची पाच गणितं..."

स्टेजवरून फादर जेरोमनी कोपऱ्याकडे बघून मान हलवली. पियानो सुरू झाला. गायनवृंद उभाच होता, मुलांनी घाईघाईनं सुरुवात केली, आणि देवाच्या दयेचं सुंदर, बहुसुरी गाणं नरेशच्या आवाजावर पसरलं. तो बोलत राहिला. ओठ हलताना दिसत होते. शेजारच्या बाकावरच्या माणसालासुद्धा ऐकू आलं नसेल.

भाऊसाहेब उठले. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "चल. मी ऐकलं," ते म्हणाले. "सगळं ऐकलं मी."

चौघं मधल्या वाटेनं बाहेर पडले. दाराशी चारुदत्त उभा होता. तो बाजूला झाला, त्यानं नजर मिळवली नाही.

रविवारी सकाळी मात्र त्याचा फोन आला. "नरेशजी, काल तुम्ही आम्हाला मान खाली घालायला लावलीत. सगळ्या भारतीयांना. माझी मुलगी स्टेजवर रडायच्या बेतात होती."

"तुमच्या मुलीबद्दल मला वाईट वाटतं," नरेश म्हणाला. "तिला तुम्ही काय सांगून उभं केलंत, ते तिला खरं खरं सांगा. आणि चारुदत्त, इतकी वर्षं तुम्ही माझं आडनाव विचारत होतात. आता कळलं ना? बरं झालं. पुढच्या गणपतीला हाक मारताना वापरा."

त्यानं फोन ठेवला. राणीनं त्याच्यासमोर चहा ठेवला, आणि त्याच्या शेजारी बसली.

गार्गीला सांगितलं होतं की एकताचा घसा बसलाय. सोमवारी कँटीनमध्ये ती एकतासमोर येऊन उभी राहिली. "आय स्वेअर, मला माहीत नव्हतं. बाबा म्हणाले, तुझ्या जागी कुणीतरी मराठी पाहिजे." एकताला तिच्यावर ओरडावंसं वाटत होतं. पण मुलीचे डोळे सुजलेले होते. एकतानं पिशवीतून आपलं मूळ लिखाण काढून तिला दिलं. गार्गीनं तिथंच बसून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि जेवण न करता निघून गेली.

त्याच संध्याकाळी सिस्टर इमेल्डा सेंगकांगला आल्या. एलआरटीत, म्हणजे तिथल्या छोट्या ट्रेनमध्ये, चुकून दोनदा गोल फिरल्या म्हणाल्या. सोफ्याच्या कडेवर बसल्या. राणीनं पाणी दिलं, पण बोलली नाही.

"भाऊसाहेब," सिस्टर म्हणाल्या, "मी माफी मागायला आले. गार्गीला उभं करणार ते मला आधी माहीत नव्हतं. पण ते पान मीच लिहिलेलं होतं. मी घाबरले. मला देवासमोर कबूल करावं लागेल ते करीनच, पण आधी तुमच्यासमोर करायचं होतं."

भाऊसाहेब म्हणाले, "बाई, माफी मागितली की तुमचं मन हलकं होते. माझं काय होते?"

सिस्टरनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मले माफी नको. या पोरीनं जे लिहिलं, ते तुम्ही वर्गात वाचा. तुमच्या तोंडानं. पूर्ण. मग पुढचं पुढं."

"फादर परवानगी देणार नाहीत."

"मग विचारू नका," भाऊसाहेब म्हणाले. "पान लिहिताना मले कुठं विचारलं होतं?"

सिस्टर इमेल्डा चहा न घेता गेल्या. त्या वाचतील असं राणीला वाटलं नाही, एकतालाही नाही. पण पुढच्या तासाला सिस्टर वर्गात आल्या, उभ्या राहिल्या आणि वाचायला लागल्या. आवाज सुरुवातीला लागेना. मास्तर पाणी ओततो तिथं त्या थांबल्या, चष्मा पुसला, पुन्हा पहिल्यापासून ते वाक्य वाचलं. मागच्या बाकावरचा डेस्मंड नावाचा मुलगा, जो वर्गात आजवर एकदाही बोलला नव्हता, सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "वेट, वेट. धान्य कॅन, पाटी कॅनॉट? व्हॉट लॉजिक, लाह?" कुणी हसलं नाही. गार्गी खाली मान घालून बसली होती. तास संपल्याची घंटा झाली तरी मुलं उठली नाहीत.

सिस्टरना फादरनी बोलावून समज दिली. पुढच्या सत्रात तो विषय त्यांच्याकडून काढून दुसऱ्या बाईंना दिला. त्या ग्रंथालयात बसायला लागल्या. एकता त्यांना भेटायला जायची, पण पहिल्यासारखं घरी आल्यासारखं तिला पुन्हा कधी वाटलं नाही, आणि सिस्टरनी तशी अपेक्षाही ठेवली नाही.

नरेशनं युनिव्हर्सिटीला लिहून एवढंच मागितलं की मूळ मजकूर छापा. उत्तर आलं. कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर खेद आहे, असं त्यात होतं. 'असतील तर'. राणीनं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "अजून शंकाच आहे यांना." महिन्याअखेरीस युनिव्हर्सिटीचं मासिक आलं, गुळगुळीत कागदावर. फाउंडर्स डेच्या पानावर पहिल्या रांगेत बसलेल्या भाऊसाहेबांचा फोटो, आणि खाली ओळ होती, दारिद्र्यावर मात केलेले एक आजोबा.

एकतानं कॉलेज सोडावं असं आता नरेशच म्हणायला लागला. "मी दुसरीकडे बघतो. अशा ठिकाणी नको."

"मी का जाऊ?" ती म्हणाली. "त्यांनीच मला विचारलं होतं ना, कशावर तडजोड करणार नाहीस म्हणून? आता मला माहीत झालंय. ते रोज माझं तोंड बघू देत."

त्या वर्षी दसऱ्याला धम्मदीक्षेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. भाऊसाहेबांचं परतीचं तिकीट त्याआधीचं होतं. नरेश कित्येक वर्षांत त्या दिवशी नागपूरला गेला नव्हता. त्यानं या वेळी वडिलांचं तिकीट रद्द करून चौघांची एकत्र काढली. रजा मागायला एकता फादर जेरोमकडे गेली. त्या प्रसंगानंतर ती पहिल्यांदाच त्यांच्या खोलीत येत होती. त्यांनी खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

"घरगुती समारंभ आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि काय आहे ते सांगितलं. छप्पन साली तिथं काय झालं, कुणी कुणाचा देव सोडला आणि का सोडला, पाचांपैकी किती गणितं बरोबर होती. सगळं सांगितलं, सावकाश, एकही शब्द न वगळता. इथं पियानो नव्हता. त्यांना ऐकावं लागलं.

ऐकून झाल्यावर फादरनी डोळे मिटले, उघडले. "जाऊन ये," ते म्हणाले. "मी तुझ्या आजोबांसाठी प्रार्थना करीन."

"प्रार्थना नको, फादर. मासिकात दुरुस्ती छापा."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. एकता उत्तराची वाट बघत उभी राहिली, बरीच उभी राहिली, आणि मग दार उघडं टाकून निघाली. ती परत आल्यावर पुढच्या प्रत्येक अंकाच्या वेळी त्यांच्या दाराशी जाऊन तेच मागत राहिली, पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत. दुरुस्ती छापून आली नाही.